सुजलेल्या पापणीआडचा डोळा

"माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आठवड्याभरापासून त्याला सर्दी आहे. तीन दिवसांपूर्वी सकाळी उठला तेव्हा त्याचा उजवा डोळा लाल दिसला आणि पापण्या चिपडांनी चिकटल्या होत्या. डोळे आले असावेत असे समजून, थोरल्या मुलीला गेल्या वर्षी दिलेले थेंब घरात होते, ते मी दोन वेळा घातले. लाली थोडी कमी झाली, पण कालपासून वरची पापणी सुजली आहे आणि आज सकाळी ती अर्धवट मिटलेलीच होती. ताप नाही, तो खेळतो आहे. सासूबाई म्हणतात, हे आपोआप बरे होते. माझे मन मात्र थाऱ्यावर नाही. किती दिवस वाट पाहावी? त्याची दृष्टी अधू होईल का? घरात आठ महिन्यांची धाकटी मुलगी आहे. त्याला तिच्याकडे पाहूसुद्धा देऊ नका, असे शेजारच्या काकू सांगतात. ते खरे आहे का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे नंतर वाचले तरी चालण्यासारखे आहे. वाट पाहू नका. मुलाला आजच बालरोगतज्ज्ञांना किंवा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नुसता लाल डोळा तीन दिवस राहिला असता तर मी इतक्या निकडीने लिहिले नसते. पण आठवड्याची सर्दी, सूज एकाच डोळ्याला आणि ती उतरण्याऐवजी तिसऱ्या दिवशी वाढलेली, या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रत्यक्ष तपासणीला पर्याय राहत नाही. तपासणीत साधेच काहीतरी निघण्याची शक्यता जास्त आहे. तरीही ते साधे आहे हे कोणीतरी डोळ्याकडे पाहूनच ठरवायला हवे. पत्रावरून मी ते ठरवू शकत नाही आणि सासूबाईंनाही अनुभवाच्या बळावर ते ठरवता येणार नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी पाच मिनिटे काढून काही गोष्टी पाहून ठेवा. आपण पालक लालीला घाबरतो, पण लाली हे आजाराचे खरे माप नव्हे. जोरात खोकल्याने किंवा ओकारीने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग उमटतो, पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि तो डाग बहुतेक वेळा काहीही न करता दोन-तीन आठवड्यांत विरून जातो. याउलट डोळ्याच्या मागच्या बाजूला गंभीर जंतुसंसर्ग होत असताना सुरुवातीला लाली बेताचीच असू शकते. म्हणून डोळा किती लाल आहे यापेक्षा तो आपले काम करतो आहे का, हे पाहायचे. तो उघडतो का, त्याला दिसते का आणि तो सगळीकडे वळतो का?

हात साबणाने धुऊन, मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि वरची पापणी भुवईच्या हाडावर टेकवून, डोळ्याच्या गोळ्यावर जराही दाब न देता, हलकेच वर करा. आतला पांढरा भाग, बुबुळ आणि बाहुली दिसते का ते पाहा. मग त्याचे डोके स्थिर ठेवून एखादे आवडते खेळणे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा आणि फक्त डोळ्यांनी त्याचा पाठलाग करायला सांगा. दोन्ही डोळे बरोबरीने वळायला हवेत आणि वळताना त्याने कण्हायला किंवा तोंड वाकडे करायला नको. त्यानंतर चांगला डोळा तळहाताने पूर्ण झाकून सुजलेल्या डोळ्याने चित्रातील बारीक गोष्टी ओळखायला लावा. मुले बोटांच्या फटीतून हमखास डोकावतात, म्हणून तळहातच वापरा. शेवटी त्याच्या मागे उभे राहून, त्याचे डोके किंचित मागे टेकवून, कपाळावरून खाली पाहा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला असेल तर समोरून न जाणवणारा फरक वरून चटकन कळतो.

यांपैकी काहीही बिघडलेले आढळले, म्हणजे डोळा वळवताना दुखते, तो एका दिशेला वळत नाही, पुढे आलेला दिसतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा नजर मंदावली आहे, तर डॉक्टरांच्या नेहमीच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. सुजेबरोबर ताप चढला, तीव्र डोकेदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या, मूल मलूल पडले किंवा पापणी इतकी सुजली की ती उघडून आत पाहताच येत नाही, तरीही तेच करा. त्या वेळी मध्यरात्र असली तरी संकोच करू नका.

या आग्रहामागचे कारण सांगते, म्हणजे तो नुसता भीती घालणारा वाटणार नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना हाडांत पोकळ्या असतात, त्यांनाच आपण सायनस म्हणतो. डोळ्याची खोबण आणि त्यातल्या एका सायनसच्या मधली हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते. सर्दी लांबली की सायनसमधले जंतू ही भिंत ओलांडून खोबणीत उतरू शकतात. खोबण ही हाडांची वाटीच आहे. तिच्यात सूज आली तर पसरायला जागा नसते, डोळा पुढे ढकलला जातो आणि दृष्टीची नस दाबली जाऊ शकते. पापणीच्या आत एक पातळ पडदा असतो. जंतुसंसर्ग त्या पडद्याच्या पुढे, म्हणजे केवळ पापणीच्या कातडीत असेल, तर मूल एरवी बरे असताना बहुधा पोटातून दिलेल्या प्रतिजैविकांनी आणि रोजच्या तपासणीने भागते. तोच पडद्याच्या मागे गेला असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागतात, सीटी स्कॅन करावा लागतो आणि पू साठला असेल तर कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. पुढून पाहताना दोन्ही प्रकारांत पापणी सारखीच लाल आणि फुगलेली दिसू शकते. फरक दाखवतात ती मी वर सांगितलेली लक्षणे, आणि सुजलेल्या पापणीआडच्या डोळ्याकडे पाहा असे मी म्हणते ते त्याचसाठी.

हा धडा मी पुस्तकातून शिकले होते, तरी आई म्हणून तो विसरले होते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना एका सकाळी डोळा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत उठला, आणि इतर मुलांचे डोळे शांतपणे तपासणारी मी बराच वेळ त्याला कुशीत घेऊन नुसती त्या सुजेकडे पाहत बसले. पापणी वर करून पाहण्याचे धैर्य झाले तेव्हा आतला डोळा पांढराशुभ्र होता, बाहुली इकडेतिकडे फिरत होती आणि भुवईपाशी कीटक चावल्याची बारीक खूण होती. पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातडींपैकी आहे आणि तिच्याखालचा भाग सैल असतो, त्यामुळे एवढ्याशा चाव्याने तिथे केवढे तरी पाणी जमते. रात्रभर आडवे झोपल्याने ते आणखी साठते, म्हणून पापणीची सूज सकाळी जास्त आणि उठून बसल्यावर संध्याकाळपर्यंत कमी असते. तुमच्या मुलाची सूज दिवस चढेल तशी उतरते की वाढते, हे अवश्य टिपून ठेवा. डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होतो. रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात एक छायाचित्र काढलेत तर आणखी चांगले.

आता नेहमीची कारणे. आपण ज्याला डोळे येणे म्हणतो तो पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा दाह असतो. विषाणूंमुळे आलेल्या डोळ्यांतून पाणी वाहते, बरोबर सर्दी किंवा घसा दुखणे असते, काही दिवसांत दुसराही डोळा लाल होतो, पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतो आणि पुढे एक ते दोन आठवड्यांत, कधी त्याहून थोड्या उशिरा, आपोआप ओसरतो. त्यावर प्रतिजैविकांचे थेंब काही करत नाहीत. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यांत पिवळट किंवा हिरवट घट्ट स्राव दिवसभर येत राहतो. तिथे थेंबांनी बरे होणे लवकर साधते. लहान मुलांमध्ये याच्या जोडीला कानही दुखू लागतो, आणि तसे असेल तर नुसते थेंब पुरत नाहीत, म्हणून कानाबद्दल विचारले नाही तरी डॉक्टरांना आपणहून सांगा. ॲलर्जी असेल तर खाज हे मुख्य लक्षण असते, बहुधा दोन्ही डोळ्यांना, आणि मूल सतत डोळे चोळते. पापणीच्या कडेला एकाच जागी दुखरी लाल गाठ असेल तर ती रांजणवाडी. तिला दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटे कोमट ओला शेक द्यावा आणि ती कधीही दाबून फोडू नये. शेकाचे कापड आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, कारण पापणी फार लवकर भाजते. खाज किंवा कीटकाचा चावा असेल तर गरम नव्हे, गार शेक लागतो.

जुन्या थेंबांबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात काळजीपोटीच होते. ती बाटली शोधून तिच्यावरील औषधांची नावे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. ते प्रतिजैविकाबरोबर एकाच बाटलीत मिसळलेलेही असते, त्यामुळे प्रतिजैविकाचे नाव वाचून निश्चिंत होऊ नका. स्टेरॉइड लाली झपाट्याने उतरवते आणि तिथेच घात होतो. लाली गेली म्हणून आपण समाधान मानतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. नागीण वर्गातील विषाणूने डोळा लाल झाला असेल, तर स्टेरॉइडमुळे बुबुळावर खोल जखम होऊन कायमचा पांढरा डाग राहू शकतो. हे थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि मुलांमध्ये हा दाब कधी कधी मोठ्यांपेक्षा लवकर चढतो. योग्य रुग्णाला, देखरेखीखाली दिलेले हेच औषध दृष्टी वाचवते, त्यामुळे ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. डोळा न तपासता ते घालणे वाईट आहे.

तुमच्या पत्रातील "लाली थोडी कमी झाली" हे वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचले. दोन वेळा घातलेल्या थेंबांनी बहुधा काही बिघडलेले नसेल, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. आता मात्र ते थांबवा, बाटली बरोबर न्या आणि घातल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्यामुळे डोळ्याचे मूळ रूप झाकले गेले असू शकते. त्यात स्टेरॉइड नसले तरी गेल्या वर्षी उघडलेली बाटली वापरण्याजोगी नसतेच; डोळ्यांचे बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात. लाली चटकन घालवणारे, चिठ्ठीशिवाय मिळणारे थेंबही मुलाला घालू नका आणि त्याच्या हाती लागू देऊ नका, कारण ते थोडेसे गिळले तरी लहान मुलाला गुंगी येऊन श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. आईचे दूध, वनस्पतींचा रस किंवा घरात केलेला कोणताही अर्क डोळ्यांत जाऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

डॉक्टरांना दाखवेपर्यंत फक्त स्वच्छता करा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पापणी नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायची आणि बोळा टाकून द्यायचा. पुढच्या वेळी नवा बोळा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळा. चिकटलेल्या पापण्या ओढून उघडू नका, ओला कापूस मिनिटभर ठेवला की चिपडे सुटतात. डोळ्यावर पट्टी बांधू नका.

धाकटीबद्दल काकूंनी जे सांगितले त्यात काळजी खरी आहे, पण समजूत चुकीची आहे. नजरेने डोळे येत नाहीत. संसर्ग जातो तो हातांनी आणि हातांनी हाताळलेल्या वस्तूंनी. डोळा चोळून मूल खेळण्याला हात लावते आणि तेच खेळणे बाळाच्या तोंडात जाते. डोळे येण्याला कारण ठरणारे काही विषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतात, आणि त्यांच्यावर हाताला चोळण्याच्या अल्कोहोलयुक्त जेलपेक्षा साबण व वाहते पाणी जास्त भरवशाचे. दोघांचे टॉवेल, उशा आणि खेळणी वेगळी ठेवा, त्याचा डोळा पुसून झाल्यावर हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नका, आणि त्याच्या थेंबांची बाटली तिच्यासाठी कधीही वापरू नका. तिचे डोळे आले तर तिला वेगळे तपासून घ्या. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील बाळाचा डोळा लाल होऊन त्यातून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, पण हे वाचणाऱ्या एखाद्या नव्या आईसाठी ते नोंदवून ठेवते. मुलाला शाळेत कधी पाठवायचे ते डॉक्टरांना विचारा. स्राव थांबेपर्यंत आणि त्याला हात धुण्याचे भान राहीपर्यंत मी तरी घरीच ठेवले असते.

दृष्टीविषयी तुम्हाला वाटणारी भीती मी समजू शकते. साध्या डोळे येण्याने किंवा रांजणवाडीने दृष्टी जात नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाची नजर घडत असते, त्यामुळे सुजेने किंवा गाठीने पापणी बाहुलीवर आठवडेच्या आठवडे उतरून राहिली तर तो डोळा मंद पडू शकतो. दोन-चार दिवसांच्या सुजेने तसे होत नाही. सूज उतरल्यावरही बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः छायाचित्रात, किंवा डोळा नव्याने तिरळा वाटू लागला, तर मात्र नेत्रतज्ज्ञांकडून लगेच तपासून घ्या. डोळ्यातील गाठीची पहिली खूण कधी तीच असते.

दोन प्रसंग याहून अगदी वेगळे आहेत. डोळ्यात एखादे रसायन किंवा चुना गेला असेल तर डॉक्टरांना फोन करण्याच्याही आधी डोळा स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवा. मूल रडले, झटापट केली तरी धुणे सोडू नका. टोकदार वस्तू घुसली असेल किंवा जोराचा मार लागला असेल तर मात्र धुऊ नका, दाबू नका, घुसलेली वस्तू काढू नका. डोळ्याला न टेकणारे वाटीसारखे झाकण वरून धरून थेट रुग्णालयात जा. आणखी एक प्रकार अनेक दिवस ॲलर्जी समजून अंगावर काढला जातो. लाली नाही, खाज नाही, पण रोज सकाळी दोन्ही पापण्या फुगलेल्या आणि लघवी कमी किंवा फेसाळ, असे असेल तर मूळ डोळ्यात नसून मूत्रपिंडात असू शकते आणि लघवीची साधी तपासणी ते सांगते. तसेच पाच दिवसांचा ताप, पू नसलेले दोन्ही लाल डोळे, लालबुंद ओठ आणि अंगावर पुरळ असे चित्र दिसले तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. त्या आजारात जपायचे असते ते हृदय.

डॉक्टर थेंब देतील तेव्हा ते घालणे हेच घरातले सर्वांत अवघड काम ठरेल, त्याची एक सोपी रीत सांगते. मुलाला उताणे झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. नाकाजवळच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापणीवर, एक थेंब सोडा. मग त्याला डोळा उघडायला सांगा किंवा खालची पापणी किंचित ओढा, थेंब आपोआप आत जाईल. बाटलीचे तोंड पापणीला लागू देऊ नका. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात त्याहून अधिक मावतच नाही. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या आणि मलम शेवटी लावा. सांगितलेले दिवस पूर्ण करा; पण उपचार सुरू करून दोन दिवस झाले आणि सूज तसूभरही उतरली नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याला पुन्हा दाखवा. त्या दोन दिवसांत वर सांगितलेल्या तातडीच्या खुणांपैकी एखादी जरी दिसली, तरी त्याच क्षणी निघा.